गाड्यावरची चव आणि आपली जीभ

मैत्रिणींनो, माझ्या नणंदेची लेक लग्न होऊन अमेरिकेत गेली, ती न्यू जर्सीत असते. संक्रांतीच्या सुमाराला गड्ड्याच्या जत्रेला नवऱ्याला घेऊन यायचं तिनं ठरवलं आणि दोन महिने आधी मला फोन केला. मला वाटलं, चादरी घेऊन ठेव म्हणेल, नाहीतर एखादी इरकल बघून ठेव म्हणेल. तर कसलं काय! म्हणाली, "मामी, ह्यांना सोलापुरात गाड्यावरचं खायचंय. चांगला गाडा कुठला ते तू आधी शोधून ठेव. पण बघ हं, पोट बिघडलं तर माझ्या सासूबाई मला जन्मभर ऐकवतील."

आता सांगा, लग्न होऊन या गावात आले त्याला चोवीस वर्षं झाली. घरचे वडे, घरची भजी, घरच्या शेंगापोळ्या केल्या, पाहुण्यांना वाढल्या. पण सोलापुरातला चांगला गाडा कुठला, हे मला आजवर कोणी विचारलं नव्हतं. आमच्या ह्यांना विचारलं तर म्हणाले, "सगळेच चांगले." सासूबाईंना विचारलं तर म्हणाल्या, "एकही नाही." खरं उत्तर या दोघांच्या मध्ये कुठं तरी असणार, म्हणून मी शेजारच्या वहिनींना बरोबर घेतलं आणि दोघी बाहेर पडलो. महिना-दीड महिना फिरलो. त्यातून जे हाती लागलं ते तुम्हाला सांगते. त्यात माझी एक चूकही आली आहे. ती सांगायला मला जरा जड जातंय, पण तिच्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही.

तिकडचा गाडा

जावईबापूंनी फोनवर मला तिकडच्या गाड्यांची मोठी मजा सांगितली. न्यूयॉर्कमध्ये रस्त्याच्या कोपऱ्यावर हॉट डॉगचे गाडे असतात. नावात कुत्रा आहे, पदार्थात नाही, घाबरू नका. लांबट पावात सॉसेज घालायचं, वर मोहरीची चटणी, की झाला हॉट डॉग. १९१६ साली नेथन हँडवर्कर नावाच्या पोलंडहून आलेल्या माणसानं कोनी आयलंडच्या समुद्रकिनाऱ्यावर आपलं दुकान मांडलं. बाकीचे दहा सेंट घेत होते, यानं पाच सेंट लावले. तर झालं उलटंच! इतकं स्वस्त म्हणजे आत काहीतरी भलतंच असणार, म्हणून लोक फिरकेनात. असं सांगतात की त्यानं मग काही माणसांना डॉक्टरसारखे पांढरे कोट घालून दुकानासमोर उभं केलं आणि फुकट खाऊ घातलं. डॉक्टर खातात म्हटल्यावर लोकही खायला लागले. गोष्ट कितपत खरी ते त्यांचं त्यांना ठाऊक, पण मला ती फार पटली. रस्त्यावर पैसे टाकताना प्रश्न असतो तो हाच, भरवसा कुणाचा? न्यूयॉर्क असो की नवी पेठ असो.

आपल्याकडे हॉट डॉगच्या जागी बसेल असा पदार्थ म्हणजे वडापाव. १९६६ साली दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्य यांनी तो विकायला सुरुवात केली असं सांगितलं जातं. पण बाई, वडापाव हा मुंबईचा. सोलापुरात तो आला, रुळला, इथल्या शेंगाचटणीशी त्याचं सूतही जुळलं. तरी सोलापूरची गाड्यावरची चव ओळखायची तर एवढ्यावर भागत नाही.

आधी घड्याळ, मग पत्ता

आमची पहिली चूक अशी झाली की आम्ही दोघी दुपारी निघालो. स्वयंपाक, जेवणं, भांडी आटोपून दीड वाजता. आपल्याला तीच वेळ मोकळी असते ना! त्या वेळी जे गाडे उभे होते, त्यांच्यावर सकाळचं उरलेलं होतं आणि संध्याकाळचं अजून व्हायचं होतं. गार भजी पुन्हा कढईत सोडून "गरम घ्या ताई" म्हणत होते. तेव्हाच ठरवलं, दुपारी बारा ते चार गाड्यावर काही खायचं नाही. उसाचा रससुद्धा नाही, कारण त्यातला बर्फ कुठला ते विचारायची आपल्याला लाज वाटते आणि सांगायची त्यांना.

सकाळ म्हणाल तर पूर्व भागाची. तुमच्यापैकी ज्या सोलापूरच्या नाहीत त्यांच्यासाठी सांगते, हे शहर चार भाषांत बोलतं. मराठी, कानडी, तेलुगू आणि उर्दू. १८७७ साली इथं पहिली कापडगिरणी सुरू झाली, ती पुढं जुनी गिरणी म्हणून ओळखली गेली. हातमाग, गिरण्या आणि नंतर यंत्रमाग यांच्या ओढीनं तेलुगू बोलणारी पद्मशाली विणकर कुटुंबं मोठ्या संख्येनं इथं येऊन राहिली. गिरण्यांचे भोंगे केव्हाच थांबले. पण कन्ना चौक, अशोक चौक, दत्तनगर या बाजूला सकाळी गेलात तर अजून मागाचा खडखडाट ऐकू येतो आणि त्याच्या जोडीला इडलीची वाफ.

इथली इडली म्हणजे हॉटेलातली पांढरी शुभ्र, टम्म फुगलेली नव्हे. लहान, जरा चपटी, आणि इतकी मऊ की चमच्यानं उचलली तर तुटते. बरोबर शेंगदाण्याची पातळ चटणी. मागावर जायच्या आधी पुरुष उभ्या उभ्या खातात, बायका डबा घेऊन येतात आणि घरच्या सगळ्यांसाठी नेतात. आम्ही पहिल्या दिवशी गेलो तेव्हा आम्हाला उभं राहून खायचा संकोच वाटला. विकणाऱ्या बाईंनी ते ओळखलं आणि गाड्याच्या मागून एक लाकडी पाट काढून दिला. "बसा अक्का," म्हणाल्या. मला कोणी अक्का म्हटलं की उगाच थोरपणा आल्यासारखं वाटतं. त्या दिवशी मी सहा इडल्या खाल्ल्या. घरी आले ती जेवलेच नाही, सासूबाईंना सांगितलं की आज उपास आहे.

संध्याकाळ नवी पेठेची. खरेदी झाली, हातात पिशव्या, पोरं किरकिर करताहेत, अशा वेळी बटाटेवड्याचा वास आला की आपला निश्चय किती टिकतो ते तुम्हाला ठाऊकच आहे. तिथं आणि पार्क मैदानाच्या बाजूला, चार हुतात्मा पुतळ्याच्या आसपास, दिवे लागले की गाड्यांना रंग चढतो. वडा, पावभाजी, भेळ हे कुठंही मिळतं. पण आमच्याकडची मिरचीभजी खा. विजापूर इथून शंभरेक किलोमीटरवर, त्यामुळं कर्नाटकचा हात या भज्यांवर आहे. मिरची जाड, लांब, फार तिखट नसलेली. पीठ असं की चावल्यावर कुरकुरतं, पण हाताला तेल लागत नाही. तेल लागलं तर समजा की पिठात सोडा जास्त पडलाय. सोडा जास्त झाला की भजं फुगतं खरं, पण तेलही पितं.

रमजानच्या महिन्यात विजापूर वेशीत मीना बाजार भरतो, आणि सोलापूरचे शीक कबाब खाणारे तिथल्या चवीची शपथ घेतात. हॉट डॉगचा खरा भाऊबंद तोच म्हणायचा. पण आमच्या घरी मांसाहार नाही, तेव्हा ऐकीव कौतुक मी इथं करत नाही. जावईबापूंना मी एवढंच सांगितलं, तुम्ही संक्रांतीला येताय, रमजानात पुन्हा या.

आणि गड्डा! सिद्धेश्वराच्या यात्रेत होम मैदानावर जे खाण्याचे पाल लागतात त्यांची गोष्ट वेगळी. तिथले कितीतरी विक्रेते बाहेरगावचे, चार दिवस येणार आणि जाणार. पुन्हा तोंड दाखवायचं नाही, म्हणून काहीजण जपत नाहीत. मी तरी जत्रेत जिलेबी आणि गरम भजी एवढंच खाते, दोन्ही डोळ्यांदेखत कढईतून निघालेलं.

पाणी, तेल आणि हात

तुम्ही म्हणाल, एवढं सगळं सांगितलंस, एका तरी गाड्याचं नाव सांग. नाही सांगणार. नाव छापलं की गर्दी वाढते, गर्दी वाढली की मालक गल्ल्यावर बसतो आणि कढईवर नवा पोरगा येतो. पुढच्या वर्षी तुम्ही तिथं जाल आणि मला नावं ठेवाल. त्यापेक्षा काय बघायचं ते सांगते.

आम्ही दोघी सुरुवातीला पदार्थ बघत होतो. नंतर कळलं की पाणी बघायला हवं. सोलापुरात वर्षानुवर्षं नळाला चार-चार, पाच-पाच दिवसांनी पाणी येत आलेलं आहे. आपण घरी पिंप भरून ठेवतो, गाळतो, उकळतो. गाड्यावर तेवढं कोण करणार? म्हणून गाडा चांगला की वाईट हे बशा विसळायच्या बादलीवरून ओळखा. एकाच बादलीत सकाळपासून पन्नास बशा बुचकळल्या असतील तर वडा कितीही गरम असला तरी ती बशी नको. जो गाडेवाला प्लास्टिकच्या पिशवीचा कागद बशीवर अंथरून देतो त्याला मी पूर्वी कंजूष समजत होते. पण गरम पदार्थ प्लास्टिकवर ठेवणं हेही बरं नाही. पळसाच्या पानाचा द्रोण किंवा कागदी बशी सगळ्यांत चांगली. आणि वर्तमानपत्राचा तुकडा नको बरं का. छपाईची शाई तेलात उतरते. २०१८ च्या नियमांनी खाद्यपदार्थ वर्तमानपत्रात बांधून द्यायला बंदी घातली आहे, तरी आपण स्वतःच घरून तोच कागद पुढं करतो.

दुसरं तेल. तळून तळून तेलात जे नको ते पदार्थ साठतात त्यांचं प्रमाण २५ टक्क्यांच्या वर गेलं की ते तेल वापरू नये असा नियम आहे. ते मोजायचं यंत्र काही आपल्या पर्समध्ये नसतं. पण डोळे असतात. तेल काळपट आणि जाडसर झालंय, वडा नसतानाही फेस येतोय, मंद आचेवरही धूर निघतोय, मग पुढं चला. सकाळी पहिला घाणा निघतो तेव्हा एकदा बघून या, तो बाई किंवा बुवा कालचं तेल डब्यातून ओततो की नवीन पिशवी फोडतो. मी दोन दिवस अशी पहारा करत उभी होते. तिसऱ्या दिवशी तो म्हणाला, "वहिनी, तुम्ही महापालिकेतून आलाय का?"

तळलेल्यापेक्षाही भीती असते ती न शिजवलेल्याची. उकळत्या तेलातून किंवा वाफेतून निघालेला पदार्थ सहसा दगा देत नाही. दगा देते ती पातळ चटणी, चिरून ठेवलेला कांदा, पाणीपुरीचं पाणी. इडली वाफेवर असते, चटणी उघड्या पातेल्यात. म्हणून मी चटणी आधी चाखते. आंबूस लागली, फसफसली की राहू दे. कोरडी शेंगाचटणी मात्र बेधडक खावी.

तिसरं म्हणजे हात. ज्या हातानं नोट घेतली त्याच हातानं पाव फाडला, हे आपण सगळ्याजणी पाहतो. आता मोबाईलवरून पैसे देण्याची सोय झाली, गाड्याला तो काळा-पांढरा चौकोन लटकलेला असतो, त्यानं हे पुष्कळ कमी झालंय. माझ्या सासूबाईंना हे पटवून दिलं तर त्या म्हणाल्या, "मग तो मोबाईल कधी धुतो का?" यावर माझ्याजवळ उत्तर नाही.

आणि गिऱ्हाईक कोण आहे ते बघा. कॉलेजची पोरं कुठंही गर्दी करतात, त्यांच्यावर जाऊ नका. रिक्षावाले रोज जिथं खातात तो गाडा बरा, कारण आजारी पडलं तर त्यांचा दिवस बुडतो. आणि आसपासच्या बायका जिथून घरी डबा नेतात तो सगळ्यांत बरा. आपण लेकरांच्या पोटात काय घालतो याबद्दल आपण किती चिकित्सक असतो ते मी तुम्हाला सांगायला नको.

माझी चूक

आता ते सांगते. चार वर्षांपूर्वी जूनच्या शेवटी आमच्या धाकट्याला कावीळ झाली. आठवीत होता. आधी ताप, उलट्या, अन्नावरची वासना गेली, मग डोळे पिवळे. शाळा सुरू होऊन जेमतेम दहा दिवस झाले होते आणि त्या दहा दिवसांत तो रोज सकाळी क्लासहून येताना आमच्या गल्लीच्या तोंडाशी उभ्या राहणाऱ्या एका बाईच्या गाड्यावर इडली खात होता. तिथला गाडा नवाच लागला होता. झालं! मला दुसरं काही सुचलंच नाही. आई म्हणून जीव घाबरा झालेला, त्यात राग. त्या आठवड्याच्या भिशीत मी सगळ्यांना सांगितलं, "त्या इडलीवालीकडं पोरांना पाठवू नका गं. आमच्याला तिच्यामुळंच कावीळ झाली." चौदा जणी होत्या. चौदा घरांतून ती गोष्ट पुढं गेली. कोणी म्हणालं ती डबक्याचं पाणी वापरते, कोणी म्हणालं तिच्या घरीच कावीळ आहे. मी यातलं काही म्हटलं नव्हतं, पण मी नाकारलंही नाही.

पंधरा दिवसांत गाडा दिसेनासा झाला. मला बरंच वाटलं. खोटं कशाला बोलू?

पुढं मुलगा बरा झाला आणि शेवटच्या तपासणीला गेलो तेव्हा डॉक्टरांनी सहज विचारलं, मेमध्ये कुठं बाहेरगावी गेला होतात का? मी म्हटलं, हो, गावाकडं लग्न होतं. तिथं काय प्यायलात? सरबत. बर्फ घातलेलं? हो. मग त्यांनी मला जे समजावलं ते मैत्रिणींनो, नीट वाचा, कारण आपल्यापैकी बहुतेकींना हे माहीत नसतं. दूषित पाण्यातून किंवा अन्नातून होणारी अ प्रकारची कावीळ शरीरात शिरल्यापासून दिसायला साधारण दोन ते सात आठवडे लागतात, बहुधा चारेक. म्हणजे आज मूल पिवळं पडलं तर काल-परवाचं, अगदी आठवड्यापूर्वीचं खाणंही त्याला जबाबदार नाही. महिनाभर मागं जाऊन आठवायला हवं. टायफॉइडसुद्धा दिसायला एक ते तीन आठवडे घेतो. खाल्ल्यावर काही तासांत उलट्या-जुलाब सुरू झाले तरच त्या दिवशीच्या खाण्याकडं बोट दाखवता येतं.

मी विचारलं, म्हणजे इडलीमुळं नाही? ते म्हणाले, दहा दिवसांत? शक्यच नाही. शिवाय इडली वाफेवरची. आणि वर आणखी एक गोष्ट म्हणाले, ती ऐकून मी गप्पच बसले. या काविळीचा रोगी डोळे पिवळे व्हायच्या आधीच्या एक-दोन आठवड्यांत सगळ्यांत जास्त संसर्ग पसरवतो. म्हणजे ज्या दहा दिवसांत माझा मुलगा तिच्या गाड्यावर बशी हातात घेऊन उभा होता, त्या दिवसांत धोका झालाच असता तर त्याच्याकडून तिला आणि तिच्या गिऱ्हाइकांना. आमच्याकडून तिला, मैत्रिणींनो. तिच्याकडून आम्हाला नव्हे.

(अ प्रकारच्या काविळीची लस मिळते. मुलांच्या डॉक्टरांना जरूर विचारा.)

घरी आल्यावर मी हे कोणाला सांगितलं? कोणाला नाही. ह्यांना तेवढं सांगितलं. भिशीत पुढच्या महिन्यात विषय निघाला नाही आणि मी काढला नाही. गाडा गेलेला होता, आता काय सांगायचं, असं मनाला समजावलं.

आणि या वर्षी भाचीसाठी गाडे शोधत फिरताना, पूर्व भागात, ज्या बाईंनी मला पाट दिला त्यांच्यापासून दोन चौक पुढं, ती उभी होती. मी ओळखलं. तिनंही. मी वळणार होते. शेजारच्या वहिनींना काही माहीत नव्हतं, त्या पुढं गेल्या आणि दोन बशा सांगून मोकळ्या झाल्या. इडली वाढता वाढता ती मला म्हणाली, "वहिनी, पोरगं बरं हाय ना आता?"

मी "हो" म्हटलं. बशी हातात, घास उतरेना. शेवटी बशी ठेवली आणि जे होतं ते सांगून टाकलं. डॉक्टर काय म्हणाले ते, आणि मी चार वर्षं गप्प बसले तेही. तिनं ऐकून घेतलं. म्हणाली, "कळलं होतं मला, कोण बोललं ते. तुमच्या गल्लीतल्या एका अम्मानंच सांगितलं." मग तिनं तिचं सांगितलं. आधी ती विड्या वळायची. आपल्या सोलापुरात हजारो बायका घरी बसून विड्या वळतात, हजार विड्यांमागं मजुरी मिळते, मान आणि कंबर जाते. त्यातून सुटायला म्हणून तिनं गाडा घातला होता. २०२० साली फेरीवाल्यांसाठी केंद्र सरकारची जी कर्जाची योजना निघाली त्यातून पहिलं कर्ज दहा हजारांचं मिळत होतं. ते घेऊन शेगडी, इडलीपात्र, पातेली केली. आमच्या गल्लीतून उठल्यावर सहा महिने ती पुन्हा विड्या वळत होती आणि गाड्याचा हप्ता विड्यांच्या पैशातून फेडत होती.

एवढं सांगून ती म्हणाली, "खावा की. गार होतंय."

तिच्या जागेची गोष्ट

त्या दिवसापासून मी या बायकांशी जरा जास्त बोलायला लागले. आपल्याला वाटतं गाडा म्हणजे चाकावरचं दुकान, ढकलला की झाला. पण जागा हीच त्यांची पुंजी असते. एका कोपऱ्यावर दोन वर्षं उभं राहिल्यावर रोजची गिऱ्हाइकं ठरतात. तिथून हललं की पुन्हा पहिल्यापासून. २०१४ साली फेरीवाल्यांचा कायदा झाला. त्यात गावोगाव फेरीवाला समिती नेमायची, पाहणी करायची आणि विक्रीचं प्रमाणपत्र द्यायचं असं आहे. समितीत निदान ४० टक्के फेरीवाल्यांचे प्रतिनिधी हवेत आणि त्यांच्यातल्या एक तृतीयांश बायका हव्यात. कायद्यात आहे, म्हणून सांगते. मी ज्या सहा-सात जणींशी बोलले त्यांच्यातल्या एकीलाच आपल्याला असं प्रमाणपत्र मागता येतं हे ठाऊक होतं. खाद्यपदार्थ विकायचे म्हणजे अन्नसुरक्षेच्या २००६ च्या कायद्याखाली लहानातल्या लहान गाड्यालाही नोंदणी लागते. गाड्यावर तो नोंदणीचा कागद लावलेला दिसला तर चांगलं चिन्ह समजा. नसला तर लगेच नाक मुरडू नका, विचारा. विचारलं की त्यांनाही कळतं की गिऱ्हाईक बघतंय.

आणि काही खटकलं तर तिथंच, तिलाच सांगा. "अक्का, चटणीवर झाकण ठेवा." "मावशी, बादलीतलं पाणी बदला की." मी असं चार ठिकाणी बोलले. एकीनं तोंड वाकडं केलं, तिघींनी ऐकलं. एका ठिकाणी दुसऱ्या दिवशी गेले तर चटणीच्या पातेल्याला नळ बसवलेला डबा आला होता. खरंच काही वाईट दिसलं, किडलेलं, सडलेलं, तर अन्न व औषध प्रशासनाकडं तक्रार करता येते. भिशीत नव्हे.

भिशीतही मी बोलले शेवटी. आमच्या चौदातल्या दोघी गाव सोडून गेल्यात, बारा जणी होत्या. सांगायला दोन मिनिटं लागली. एक जण म्हणाली, "अगं, एवढं काय त्यात, विसरली असेल ती." दुसरी म्हणाली, "मी तर कॉलनीत अजून सांगते, तिथं खाऊ नका म्हणून." ती आता सांगत नाही, असं तिनं मला कबूल केलंय.

जाता जाता

भाची आली. जावईबापूंनी पहिल्या दिवशी आठ इडल्या खाल्ल्या आणि पोट शाबूत राहिलं. मिरचीभजी मात्र जपून, दोनच. भाचीनं जाताना शेंगाचटणी मागितली, ती मी घरीच कुटून दिली. तुम्हालाही सांगते. दोन वाट्या शेंगदाणे मंद आचेवर खरपूस भाजा, सालं काढा. त्याआधी निवडून घ्या, सुरकुतलेले, काळपट, बुरशी आलेले दाणे फेकून द्या. त्या बुरशीचं विष भाजूनही जात नाही. दहा-बारा लसणाच्या पाकळ्या, चमचाभर भाजलेलं जिरं, दोन चमचे लाल तिखट आणि मीठ घालून खलबत्त्यात कुटा. मिक्सरवर केलीत तर भुकटी होते. कुटताना दाण्याचं स्वतःचं तेल सुटतं आणि चटणी हाताला ओलसर लागते, तिथं थांबा. वरून तेल घालायचं नाही. महिनाभर टिकते. न्यू जर्सीत ती टोस्टवर लावून खातात म्हणे.

आता तुमच्या गावातला चांगला गाडा तुम्ही शोधा. सोलापूरला आलात तर पूर्व भागात सकाळी जा, आणि लवकर जा. मी सांगितलेल्या त्या बाईची इडली साडेनऊला संपते. उशीर झाला तर ती सरळ सांगते, "उद्या या वहिनी, शिळं देत नाही मी."